आडवाटेचे स्टेशन आणि घरातला वारसा

व्यापारी घराण्यांची रेल्वे स्टेशनशी असलेली ओळख प्रवाशाच्या ओळखीहून निराळी असते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कापसाच्या गाठी, भुईमुगाची पोती किंवा गुळाच्या ढेपा वाघिणींतून परगावी पाठविल्या, त्यांच्या घरी 'बिल्टी' हा शब्द मुलांच्या कानावर लहानपणापासून पडत असे. माल स्टेशनवर पोहोचला, वजन झाले आणि बिल्टी हाती पडली की निम्मा व्यवहार पुरा झाला असे समजत. ती बिल्टी बँकेत दाखल करून रक्कम उचलता येई. परगावचा अडत्या पैसे भरून ती सोडवी आणि माल ताब्यात घेई. ही सारी साखळी स्टेशनवरच्या एका माणसाच्या सहीवर उभी असे.

ही सही करणारा हात स्त्रीचा असू शकतो, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा रुजली. परंतु सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील स्टेशनांवर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच अनेक स्त्रिया हे काम करीत होत्या. त्यांपैकी कित्येक रेल्वे कामगारांच्या घरांतून आलेल्या होत्या. कोणाचा पिता स्टेशन सांभाळीत असे, कोणाचा पती रुळांची देखभाल करी. त्यांच्या हाती हे काम कसे आले आणि त्यांनी ते कसे पेलले, याची हकीकत पेढी चालविणाऱ्या कुटुंबांनी समजून घेण्यासारखी आहे. कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याही घरातला आहे. कर्ता माणूस उठून गेल्यावर कारभार कोणाच्या हाती जातो, आणि त्या हाताला तो येतो का?

एका खिडकीत चार कारभार

अमेरिकेतील लहान स्टेशनवरच्या अधिकाऱ्याला 'स्टेशन एजंट' म्हणत. हा शब्द नेमका आहे. तो कंपनीचा नोकर तर होताच, शिवाय गावात कंपनीचा प्रतिनिधीही होता. प्रवाशांना तिकिटे देणे हा त्याच्या कामाचा लहानसा भाग. माल स्वीकारणे, वजन करणे, बिल्टी लिहिणे, भाडे वसूल करणे, गुरांसाठी आणि धान्यासाठी रिकाम्या वाघिणी मागविणे, दुधाचे आणि सायीचे डबे गाडीत चढविणे, आणि दिवसाची रोकड मोहोरबंद पाकिटातून वरच्या कार्यालयाकडे पाठविणे, ही सारी कामे त्याचीच. महिनाअखेर हिशेब तपासनिसाकडे जाई. एक डॉलर कमी भरला तरी पत्रव्यवहार सुरू होई.

याखेरीज पार्सल वाहणाऱ्या कंपनीची एजन्सी बहुधा त्याच्याकडेच असे आणि सार्वजनिक तारांचे कामही तोच पाही. या दोन्ही कामांवर त्याला कमिशन मिळे. म्हणजे पगार एकाचा आणि दलाली दुसऱ्याची, अशी त्याची मिळकत असे. हाती रोकड आणि लोकांचा माल असल्यामुळे कंपनी त्याच्याकडून जामीन घेई. आपल्याकडील मुनीम, अडत्या आणि पोस्टमास्तर यांना एका कोटात बसविले, तर जो माणूस होईल तोच हा स्टेशन एजंट.

चौथे काम सर्वांत जोखमीचे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी कोणत्या स्टेशनवर एकमेकींना वाट द्यावी, याचा हुकूम दूरच्या नियंत्रकाकडून तारेने येई. स्टेशनवरचा माणूस तारयंत्राची 'कडकट्ट' ऐकून तो हुकूम पातळ कागदावर प्रतींसह लिहून घेई, शब्दन् शब्द नियंत्रकाला परत ऐकवी, आणि मगच ती प्रत चालत्या गाडीच्या चालकाला देई. त्यासाठी काठीच्या टोकाला कडे असे. फलाटाच्या काठावर उभे राहून ती काठी उंच धरायची, आणि धडधडत जाणाऱ्या इंजिनातील माणसाने हात घालून कड्यासकट कागद उचलायचा. या हुकुमातील एक आकडा चुकला तर दोन गाड्यांची टक्कर ठरलेली.

फलाटाकडे किंचित पुढे आलेल्या खिडकीत तारयंत्राचे मेज असे. तेथे बसून दोन्ही दिशांचे रूळ दिसत. यंत्राचा आवाज मोठा व्हावा म्हणून त्यामागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचण्याची अनेक तारमास्तरांची पद्धत होती. तो आवाज खोलीभर पसरे, आणि पुष्कळदा वरच्या मजल्यावरही ऐकू जाई.

वरच्या मजल्यावरची शाळा

या वरच्या मजल्याला आपल्या विषयात फार महत्त्व आहे. आडवाटेच्या अनेक स्टेशनांत एजंटाचे बिऱ्हाड त्याच इमारतीत असे. कधी माडीवर, कधी कचेरीच्या मागच्या खोल्यांत. चूल आणि तिकिटाची खिडकी यांत एका भिंतीचे अंतर. मुले फलाटावर खेळत वाढत, आणि मातृभाषेबरोबर तारेची भाषाही त्यांच्या कानात मुरे. घरचा माणूस माल उतरवून घ्यायला गेला की यंत्राकडे लक्ष पत्नी ठेवी. प्रथम केवळ 'आपल्या स्टेशनची हाक आली' एवढे ओळखणे, मग हाकेला उत्तर देणे, मग संदेश उतरवून घेणे, अशा पायऱ्यांनी ती शिके. हे शिक्षण कोणत्याही दप्तरात नोंदले जात नव्हते, आणि त्याला वेतनही नव्हते.

आपल्या पेढ्यांवरही असेच होत आले आहे. दुकानामागेच घर असलेल्या गावांत सून पडद्याआडून गिऱ्हाइकांची बोली ऐके, भाव तिला पाठ असत, उधारी कोणाची किती थकली हे ती जाणे. फरक पुढे पडला. अमेरिकेतील त्या स्त्रीला एके दिवशी यंत्रापुढे बसावेच लागले. पती आजारी पडला, पिता वारला, किंवा रात्रपाळीला माणूस मिळेना. आणि तिने बोट ठेवताच पलीकडच्या स्टेशनला कळले की, हिला काम येते. तारेवर चेहरा दिसत नाही. दिसते ती फक्त हाताची चाल, आणि ती शुद्ध आहे की अडखळती, एवढेच तिथे पाहिले जाते.

अमेरिकेतील पहिल्या रेल्वे-तारायंत्रचालक स्त्रियांत एलिझाबेथ कॉग्ली यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील लुईसटाउन गावच्या या तरुणीने १८५५ च्या सुमारास तारायंत्र शिकून घेतले आणि लवकरच पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या सेवेत प्रवेश केला. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातही त्या यंत्रावर होत्या, आणि १९०० साली निवृत्त झाल्या. चार दशकांहून अधिक काळ एका स्त्रीने रेल्वेची तार सांभाळली, तीही ज्या काळात तिला मताचा अधिकार नव्हता आणि विवाहित स्त्रीच्या मिळकतीवरील हक्काबद्दलही कायदा चाचपडतच होता.

वादळाची रात्र

परंतु वारशाचा प्रश्न ज्या एका चरित्रात सर्वांत स्पष्ट दिसतो, ते चरित्र केट शेली यांचे. आयर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी आईवडिलांबरोबर अमेरिकेतील आयोवा राज्यात आली. वडील मायकेल हे शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. डे मॉइन नदीच्या पूर्वेस, हनी क्रीक नावाच्या ओढ्याजवळ त्यांचे घर. १८७८ साली वडील वारले. मागे राहिली आई, लहान भावंडे, थोडीशी शेती आणि सर्वांत थोरली केट. शेताची मशागत, गुरे आणि घर हे सारे तिच्यावर आले.

६ जुलै १८८१ च्या रात्री त्या भागात भयंकर वादळ झाले. ओढे फुगले. रूळ शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी नदीपलीकडच्या मॉइंगोना स्टेशनवरून एक इंजिन सोडण्यात आले. त्यावर चार माणसे होती. रात्री अकराच्या सुमारास हनी क्रीकवरील पूल खचला आणि इंजिन ओढ्यात कोसळले. तो आवाज शेलींच्या घरात ऐकू गेला. चौघांपैकी दोघे बुडाले. दोघे झाडाच्या आधाराने पाण्यात तग धरून राहिले.

सतरा वर्षांच्या केटला त्या क्षणी आणखी एक गोष्ट आठवली. पश्चिमेकडून शिकागोकडे जाणारी रात्रीची एक्स्प्रेस थोड्याच वेळात याच मार्गाने येणार होती. तिला वेळापत्रक कोणी शिकविले नव्हते. पण मुकादमाच्या घरात गाड्यांच्या वेळा घड्याळाच्या टोल्यांसारख्या अंगवळणी पडलेल्या असतात. आईचा विरोध बाजूला सारून ती कंदील घेऊन निघाली. वाऱ्यापावसाने कंदील वाटेतच विझला. पुढे डे मॉइन नदीवरचा लांबच लांब लाकडी पूल. त्यावरून माणसांनी चालत जाऊ नये म्हणून चालण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती; स्लीपरांमध्ये अंतर होते आणि खाली पुराचे पाणी. विजेच्या प्रकाशात, हातांनी एकेक स्लीपर चाचपत, गुडघ्यांवर रांगत तिने तो पूल ओलांडला, आणि मॉइंगोना स्टेशन गाठून वार्ता सांगितली. एक्स्प्रेस अलीकडच्या ऑग्डेन स्टेशनवर रोखण्यात आली. गाडीत सुमारे २०० प्रवासी होते. त्यानंतर ही मुलगी विसावली नाही. मदतीच्या माणसांना वाट दाखवीत ती पुन्हा ओढ्याकडे परतली, आणि अडकलेल्या दोघांचेही प्राण वाचले.

मान आणि उदरनिर्वाह

ही कथा अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ती बहुधा येथेच संपविली जाते. हिशेबी माणसाने मात्र पुढची पाने उलटावयास हवीत.

राज्य विधिमंडळाने केटला सुवर्णपदक दिले. रेल्वे कंपनीने १०० डॉलर, अर्धे पिंप पीठ, अर्धी गाडी कोळसा आणि आयुष्यभराचा मोफत पास दिला. थोर समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड यांच्या साह्याने ती काही काळ सिम्पसन महाविद्यालयात शिकली. तिच्यावर कविता लिहिल्या गेल्या, वृत्तपत्रांनी तिचे नाव देशभर पोहोचविले. पण घरावरचे कर्ज तसेच राहिले. पुढे १८९० च्या सुमारास शिकागोतील वृत्तपत्रवाचकांनी वर्गणी गोळा केली, तेव्हा कुठे ते ओझे उतरले. केटने मध्यंतरी शिक्षिकेचे काम केले, इतरही लहानमोठी कामे केली. आईला आणि भावंडांना सोडून ती दूर जाऊ शकत नव्हती. तिने विवाह केला नाही.

आणि मग १९०३ साली, त्या रात्रीनंतर तब्बल २२ वर्षांनी, कंपनीने तिला मॉइंगोना येथे स्टेशन एजंट नेमले. ज्या स्टेशनात ती विझलेला कंदील घेऊन धावत आली होती त्याच स्टेशनात. मात्र तोवर काळ बदललेला होता. १९०१ साली कंपनीने उत्तरेकडे नदीवर प्रचंड उंच पोलादी पूल बांधून मुख्य मार्ग तिकडे वळविला होता, आणि मॉइंगोना आडवाटेला पडले होते. मोठ्या गाड्या नव्या पुलावरून जात. तो पूल पुढे केट शेली यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्या स्वतः मात्र जुन्या फाट्यावरच्या लहान स्टेशनात तिकिटे, मालाच्या पावत्या आणि रोकड सांभाळीत बसल्या. प्रकृती ढासळेपर्यंत त्यांनी हे काम केले, आणि २१ जानेवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

या २२ वर्षांचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावा? मुकादमाला मुलगा असता आणि तो कर्ता असता, तर बाप गेल्यावर त्याला टोळीत घेण्यास कोणालाही विचार करावा लागला नसता. मुलीने दोनशे जीव वाचविले, तेव्हा तिला पदक मिळाले. उदरनिर्वाहाचे साधन मिळण्यास मात्र आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. कौतुक करणे स्वस्त असते, कारभार सोपविणे महाग वाटते. हे केवळ रेल्वे कंपन्यांनाच लागू आहे असे नाही.

खुर्ची मिळत नसे, हात मिळत असे

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्टेशन एजंटाची जागा कायद्याने वारसाहक्काने मिळत नव्हती. पती गेला म्हणून पत्नी आपोआप एजंट होत नसे. कंपनीचा वरिष्ठ तिची परीक्षा घेई, यंत्रावर बसवून पाही, नियमपुस्तकातील प्रश्न विचारी. पुढे कामगार संघटनेच्या करारांमुळे ज्येष्ठतेचा नियम दृढ झाला. जागा रिकामी झाली की इच्छुकांनी अर्ज करावयाचा, आणि पात्र उमेदवारांत ज्याची सेवा अधिक त्याला ती मिळावयाची. रेल्वे तारायंत्रचालकांची ही संघटना १८८६ साली आयोवातील सीडर रॅपिड्स येथे स्थापन झाली, आणि तिने स्त्रियांनाही सभासदत्व दिले.

म्हणजे घरातून मिळे ती केवळ हातोटी. जागा ज्याने त्याने मिळवावयाची. घरचा वारसा प्रवेशद्वारापर्यंत आणून सोडी, आत बसणे स्वतःच्या कर्तबगारीवर होते. म्हणूनच ज्यांच्या पाठीशी घराणे नव्हते अशाही स्त्रिया या व्यवसायात टिकल्या. 'मा कायली' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅटी ब्राइट यांचे उदाहरण बोलके आहे. टेक्सासच्या या स्त्रीने संसार विसकटल्यावर, पदरी मूल असताना, विसाव्या शतकाच्या आरंभी तार शिकून घेतली, आणि अमेरिका, मेक्सिको व कॅनडा येथील अनेक रेल्वेंवर सुमारे चार दशके नोकरी केली. वृद्धापकाळी त्यांनी लिहिलेले आत्मकथन १९५० साली रेल्वेविषयक एका मासिकात प्रसिद्ध झाले.

कायद्यानेही या स्त्रियांच्या वाटेवर दोनदा महत्त्वाचा परिणाम घडविला. १९०७ साली अमेरिकी संसदेने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली. अहोरात्र चालणाऱ्या ठिकाणी गाड्यांचे हुकूम हाताळणाऱ्याला चोवीस तासांत नऊ तासांहून अधिक काम देण्यास मनाई झाली. जेथे दोघे पुरत, तेथे तिघे लागू लागले. अशा वेळी पती दिवसपाळीला आणि पत्नी रात्रपाळीला, अशी जोडपी एकाच स्टेशनवर दिसत. दुसरा प्रसंग पहिल्या महायुद्धाचा. डिसेंबर १९१७ मध्ये सरकारने रेल्वे आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या. मे १९१८ मध्ये निघालेल्या सत्ताविसाव्या सर्वसाधारण आदेशात, पुरुषांचेच काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषांइतकेच वेतन द्यावे, असे स्पष्ट म्हटले होते. त्या वर्षाच्या शरद ऋतूत अमेरिकी रेल्वेंवरील स्त्री कर्मचाऱ्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती. युद्ध संपले, पुरुष परतले आणि संख्या पुन्हा घटली. तरी खेड्यांतील खिडक्यांत बसलेल्या कित्येक स्त्रिया जागच्या हलल्या नाहीत. त्यांची ज्येष्ठता त्यांच्या नावावर लिहिलेली होती.

पुढे रस्ते सुधारले, माल ट्रकांनी जाऊ लागला, सिग्नल दूरवरून नियंत्रित होऊ लागले आणि इंजिनात बिनतारी यंत्रे आली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत लहान स्टेशने एकामागून एक बंद पडली. ज्या कसबाच्या बळावर घरे चालली, ते कसबच निरुपयोगी झाले. वारसा जपणाऱ्या प्रत्येक घराने हा शेवटचा भागही ध्यानात ठेवावा. पित्याची विद्या जशीच्या तशी पुढे देणे पुरेसे नसते. तिची गरज उरली आहे का, हेही वेळोवेळी पाहावे लागते.

आपल्या रेल्वेची गोष्ट

भारतीय रेल्वेत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. सेवेत असताना कर्मचारी मृत्यू पावला तर पत्नीला वा अपत्याला अनुकंपा तत्त्वावर नोकरी देण्याची पद्धत आहे, आणि तिच्यामुळे अनेक विधवा भगिनी रेल्वेत आल्या व सन्मानाने निवृत्त झाल्या. ही योजना संकटात सापडलेल्या कुटुंबाला आधार देण्यासाठी आहे. याहून वेगळी अशी 'लार्सगेस' नावाने ओळखली जाणारी योजना २००४ साली सुरू झाली आणि २०१० साली विस्तारली. सुरक्षिततेशी निगडित ठरावीक पदांवरील कर्मचाऱ्याने मुदतीआधी निवृत्ती घेतल्यास त्याच्या अपत्याला नोकरी, असे तिचे स्वरूप होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१६ साली, सार्वजनिक नोकरीत समान संधीच्या तत्त्वाशी ही योजना विसंगत असल्याचे म्हटले, आणि २०१८ साली रेल्वेने ती गुंडाळली. संकटात आधार देणे वेगळे आणि खुर्ची वारसाने देणे वेगळे, हा भेद यातून पक्का झाला.

खऱ्या अर्थाने अमेरिकी एजंटाच्या जवळ जाणारी व्यवस्था आपल्याकडे आहे ती 'हॉल्ट'ची. ज्या लहान थांब्यांवर स्टेशनमास्तर नसतो, तेथे तिकीटविक्री स्थानिक हॉल्ट एजंटाकडे सोपविली जाते. तो रेल्वेचा पगारी नोकर नसतो. तिकिटे आगाऊ पैसे भरून आणावयाची आणि विक्रीवर कमिशन घ्यावयाचे, असा हा व्यवहार. गावातलाच माणूस, मिळकत थोडी, आणि गाडीच्या वेळेला हजर राहणे अनिवार्य. अशा कामात घरातील दुसऱ्या कोणाला तरी हिशेब येत असल्याशिवाय निभाव लागत नाही. दुसऱ्या टोकाला मुंबईचे माटुंगा स्टेशन आहे. २०१७ च्या जुलैपासून तेथील सर्व कारभार स्त्री कर्मचारी पाहतात. त्या रीतसर निवड होऊन आलेल्या आहेत.

पेढीच्या गादीपाशी

आता हा प्रकाश थोडा आपल्या घराकडे वळवू या. कर्ता पुरुष अकस्मात गेल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात बँकेच्या खिडकीशी जे दृश्य दिसते, ते प्रत्येक गावी सारखेच असते. पत्नी मुलाला घेऊन येते. हातात पासबुकांची पिशवी असते. खाती किती, ठेवी कोणाच्या नावावर, कॅश क्रेडिटची मर्यादा केवढी, तिला जामीन कोण, गोदामातील माल कोणाकडे तारण, विम्याचा हप्ता कधीचा, हे तिला ठाऊक नसते. तिजोरीची किल्ली कमरेला असते. तिजोरीत काय आहे हे तिने कधी विचारलेले नसते आणि तिला कोणी सांगितलेले नसते. घरात हुशारीची वाण असते असे मुळीच नाही. पंचवीस वर्षे दिवाणखान्यात बसून तिने सारे ऐकलेले असते, पण यंत्रापुढे तिला एकदाही बसविलेले नसते.

कायदा आपल्यापुढे निघून गेला आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कन्येला जन्मतः पुत्राइतकाच हक्क दिला आहे. नामनिर्देशनाबाबत मात्र अजूनही मोठा घोळ आढळतो. ठेवीवर पत्नीचे नाव नामनिर्देशित म्हणून लावले की सारे झाले, अशी समजूत असते. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारू शकते. ती वारसांच्या वतीने विश्वस्त असते, केवळ त्या नोंदीमुळे मालक होत नाही. मालकी कोणाची हे मृत्युपत्र किंवा उत्तराधिकाराचा कायदा ठरवितो. आणि मृत्युपत्रसुद्धा फक्त खुर्ची देते, हातोटी देऊ शकत नाही. हातोटी हयातीतच द्यावी लागते.

ती देणे फारसे अवघड नाही. आठवड्यातून एकदा सुनेने किंवा कन्येने रोजमेळ मिळवावा. चूक झाली तर झाकू नये आणि रागावूही नये. येणे-देण्याची यादी तिच्याच अक्षरात असावी. बँकेत मर्यादेच्या नूतनीकरणासाठी जाताना तिला बरोबर न्यावे आणि अधिकाऱ्याशी तिलाच बोलू द्यावे. मालाची उचल, बिल, वस्तू व सेवा कराचे विवरण, यांपैकी एक खाते संपूर्णपणे तिच्या सहीचे असावे. विवाहानंतर कन्या परघरी जाईल म्हणून तिला कशाला शिकवायचे, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, ती ज्या घरी जाईल तेथेही पेढी असेल, आणि आपल्या घरी येणारी सूनही कोणाची तरी कन्याच आहे. प्रत्येक पित्याने आपली मुलगी शिकवून पाठविली, तर प्रत्येक सासऱ्याला शिकलेली सून मिळेल. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी जुळतो.

येत्या दिवाळीला वहीपूजन होईल. नव्या चोपड्यावर केशराचे स्वस्तिक काढण्याचे काम बहुतेक घरांत सुना-मुलींकडेच असते. या वेळी स्वस्तिकाखालची पहिली नोंदही त्यांच्याच हातून व्हावी, आणि मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी गल्ला उघडून रोकड मोजण्यासही त्यांनाच बसवावे.